रायफलीचा घाम

बिसोनेटच्या दुकानात जुन्या रायफली पिंपात उभ्या करून ठेवलेल्या असत, खराटे ठेवतात तशा. पिंपाला पुठ्ठा बांधलेला : 'परदेशी लष्कराचा जुना माल. विकल्यावर परत घेणार नाही.' शेजारच्या पिंपात बर्फ उपसायची फावडी होती. फावडी रायफलींपेक्षा महाग होती.

हे माझ्या थोरल्या भावाच्या, ओनीच्या, ताबडतोब लक्षात आलं. ओनी तीस वर्षं आमच्या भागातल्या रस्त्यांवरून बर्फ ढकलणारा ट्रक चालवून नुकताच निवृत्त झाला होता. भर जानेवारीत खिडकी उघडी टाकून, बाहीची गुंडी न लावता ट्रक चालवणारा माणूस अशी त्याची सुपीरियर सरोवराच्या या काठावर ख्याती होती. हरणांच्या शिकारीचा मोसम आठवड्यावर आला होता आणि त्याच्याकडे रायफल नव्हती. होती ती त्यानं लेकीच्या लग्नात जावयाला दिली. पुढे लेक घटस्फोट घेऊन परत आली. रायफल आली नाही.

"ही घे," बिसोनेटनं पिंपातून एक उपसून काढली. "रशियन आहे. पण तिकडे फिनलंडात, बर्फातल्या लढाईत तुमच्या फिन लोकांनी पकडलेली. हा बघ त्यांच्या फौजेचा शिक्का."

"पकडलेली म्हणजे?"

"म्हणजे ज्याची होती त्याला पुढे लागली नाही."

ओनीनं बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला. तो मधात फसलेल्या चमच्यासारखा सरकला. नळीपासून दस्त्यापर्यंत सगळ्या रायफलीला तपकिरी, मेणचट ग्रीस थापलेलं होतं. दस्ता दोन लाकडांचा होता. मागचं काळपट, पुढचं फिकट बर्चचं. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तशी ती सांधलेली होती. कुणीतरी अर्धी रायफल गमावली होती आणि दुसऱ्या कुणीतरी ती पुरी केली होती.

"लाकूड तापवल्याशिवाय ग्रीस निघत नाही," बिसोनेट म्हणाला. "उन्हाळ्यात लोक काळ्या पिशवीत घालून गाडीत ठेवतात. बायकोच्या ओव्हनमध्ये ठेवू नकोस. एकानं ठेवली, तो आता आईकडे राहतो."

"आमच्याकडे साउना आहे," ओनी म्हणाला.

"तुम्ही फिन लोक मेल्यावरसुद्धा तिथेच जाल."

"मेल्यावर तिथेच नेतात. आधी आंघोळ, मग चर्च."

बिसोनेट हसला. ओनी विनोद करत नव्हता. आमच्या वडिलांना आम्ही दोघांनीच साउनाच्या खालच्या फळीवर झोपवून धुतलं होतं. त्याच फळीवर आम्ही दोघे जन्मलो होतो.

ओनीचा साउना म्हणजे तळ्याकाठी ओंडक्यांची एक काळवंडलेली खोली. आत लोखंडी भट्टी, भट्टीवर दगड, समोर दोन फळ्या, एक खाली, एक वर. दगडांवर ओगराळ्यानं पाणी टाकायचं आणि वाफेत बसायचं. इथे मोठ्यानं बोलायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, ही शिस्त वडिलांची. आणि एक नियम त्यांच्याही आधीचा : थंडीतून आलेल्या माणसाला एकदा 'ये, वर बस' म्हटलं, की मग तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही, आणि तो आपण होऊन उठेपर्यंत त्याला उठवायचं नाही.

शनिवारी दुपारी ओनीनं दस्ता सुटा केला आणि वरच्या फळीवर आम्हा दोघांच्या मध्ये भिंतीला टेकवून उभा केला. खाली जुना टॉवेल. थोड्या वेळानं लाकडावर थेंब दिसू लागले, मग ओघळ. ग्रीस मधासारखं जाड होतं, नंतर चहासारखं पातळ.

"बघ मास्तर," ओनी हळूच म्हणाला. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, याची त्याला गंमत वाटते. "तुझ्यापेक्षा जास्त घाम गाळतोय."

"मी निदान पैसे घेऊन गाळतो."

"पन्नास वर्षं गारठलाय बिचारा." मग जुन्या फिनिश भाषेत, अगदी वडिलांच्या आवाजात, तो दस्त्याला म्हणाला, "ये, वर बस. जागा आहे." आणि सरकला. गमतीत मीही सरकलो.

ओनीनं पाणी टाकलं. दगड फुत्कारले. वाफ उतरली तेव्हा लाकडावरून तपकिरी रंग गेलेला होता. आता येत होतं ते स्वच्छ होतं, पाण्यासारखं. मी बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट.

"समुद्रातून आलाय माल," मी म्हणालो. "मीठ असणारच."

"असणारच," ओनी म्हणाला, आणि टॉवेलाचं टोक उचलून त्यानं दस्ता पुसला. वरून खाली, सावकाश. वडिलांना पुसलं होतं तसं.

मोसमाच्या पहिल्या दिवशी ओनी जेवणवेळेच्या आधीच रानातून परतला. गोळी झाडलेली नव्हती. त्यानं हातमोजे घातले होते. त्याच्या बायकोनं, हेल्मीनं, ते आधी पाहिले आणि मग त्याच्याकडे पाहिलं. तिनं कॉफी दिली. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला.

"गार दिलीस."

"आत्ता उकळली आहे."

"गार आहे, हेल्मी."

तिनं कपात बोट घातलं आणि झटकन तोंडात धरलं. ओनी कॉफी घटाघट प्याला.

दवाखान्यात डॉक्टरनं आधी थर्मामीटर बदलला, मग नर्स बदलली. आकडा तोच राहिला. शेवटी त्यानं गळ्यातल्या कुठल्याशा ग्रंथीच्या गोळ्या दिल्या आणि उबदार राहायला सांगितलं. सल्ला मोफत नव्हता.

डिसेंबर लागला तशी हेल्मी माझ्याकडे आली. कोट न काढताच बसली.

"कार्ल, ते लाकूड सुकायला किती दिवस लागतात?"

"एका शनिवारात सुकायला हवं होतं."

"तो आता रोज साउना तापवतो. त्याला घेऊन आत जातो. दोन टॉवेल नेतो. मी म्हटलं, पुरे की आता. म्हणतो, अजून त्याच्या अंगातली थंडी गेली नाही."

"कुणाच्या?"

"मी नाही विचारलं. तू विचार. तू शिकलेला आहेस." मग खाली बघत ती म्हणाली, "अंथरुणात त्याचा पाय लागला की मी जागी होते. माझा बाप बर्फ विकायचा, कार्ल. मला हा गारवा ठाऊक आहे. माझा नवरा जाणार आहे."

मी त्याच दुपारी गेलो. भट्टी लाल झाली होती. आत शिरताच माझे कान भाजले, नाकातला श्वास पोळला. ओनी वरच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्याच्या कातडीवर पाण्याचा एक थेंब नव्हता. मेणबत्तीसारखी ती पांढरी, कोरडी होती, आणि दंडावर काटा उभा होता.

शेजारी दस्ता उभा होता. त्याच्यावरून धारा लागल्या होत्या. फळीच्या फटीतून पाणी खाली टपकत होतं.

"ओनी, चल बाहेर."

"तो उठला की उठतो."

"लाकूड आहे ते."

"हळू बोल." त्यानं ओगराळं उचललं. "मास्तर, त्या दिवशी तूही सरकला होतास."

दुसऱ्या दिवशी हेल्मी त्याला दवाखान्यात घेऊन गेली, हे आमचं ठरलेलं होतं. ओनीनं रायफल जोडून मागच्या पडवीत टांगली होती. पडवीत शेगडी नाही. बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलं होतं. मी हातमोजा काढून दस्त्याला हात लावला. जिच्यावरून कुणी नुकतंच उठून गेलंय अशा खुर्चीसारखा तो ऊबदार होता.

लाकडाची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता, असं काहीतरी मी स्वतःशी पुटपुटलो. इतिहास शिकवणाऱ्याला एवढं भौतिकशास्त्र माफ असावं.

तळ्यावर कडेनं पापुद्रा धरला होता. वल्ह्यानं तो फोडत मी होडी मधोमध नेली आणि रायफल सोडली. ती दगडासारखी बुडाली. बुडबुडे मात्र बराच वेळ येत राहिले. थांबून थांबून, एकसारख्या अंतरानं.

संध्याकाळी मी ओनीला सरळ सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं.

"तळ्यावर बर्फ धरलं होतं?" त्यानं विचारलं.

"कडेकडेनं."

तो खिडकीकडे वळला. "म्हणजे तो पुन्हा बर्फातच," तो म्हणाला.

नाताळपर्यंत तो सुधारला. गालांवर रंग आला. लाकडं फोडताना सदरा पाठीला चिकटू लागला. चर्चला जाताना त्यानं गाडीची खिडकी उघडी टाकली आणि मागच्या सीटवर हेल्मीच्या बहिणीनं जन्मभराची तक्रार पुन्हा एकदा केली. हेल्मीनं मला मांस-बटाट्याची पास्ती भाजून पाठवली. आमच्याकडे शौर्यपदकं अशीच देतात. डॉक्टरनं श्रेय गोळ्यांना दिलं.

जानेवारीत तळं असं गोठलं की लोक त्यावर ट्रक घालून मासे धरायला जाऊ लागले. मधोमध एक भोक तेवढं राहिलं. गोल, मोकळं, काळं पाणी, वर वाफ. राजधानीतून एक तरुण अधिकारी आला, त्यानं काठी घालून बघितलं आणि खाली झरा आहे असं जाहीर केलं. गावानं भोवती नारिंगी झेंडे रोवले.

फेब्रुवारीत झेंडे हलवावे लागले. जुन्या जागी बर्फ घट्ट झालं होतं आणि भोक अलीकडे आलं होतं.

"झरे चालतात का?" मी त्या अधिकाऱ्याला फोनवर विचारलं.

"बर्फ सरकतं," तो म्हणाला. "पाण्याच्या दाबानं."

"एकाच दिशेला?"

"तुमचं शिक्षण कशात झालंय?" त्यानं विचारलं, आणि मी फोन ठेवला.

झेंडे आणखी एकदा हलले. कुणी जुने काढलेच नाहीत, त्यामुळे रस्त्यावरून त्यांची सरळ रांग दिसे. तळ्याच्या मध्यातून ओनीच्या काठाकडे. ओनी दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून ती रांग बघायचा. हातमोजे पुन्हा आले होते. हेल्मीनं त्याच्या खुर्चीभोवती तीन शेगड्या लावल्या. त्यांच्या मध्ये तो दात वाजवत बसे.

"आपण मिलवॉकीला जाऊ, लेकीच्या नव्या बिऱ्हाडी," ती म्हणायची.

"एवढ्या लांबून तो चालत आलाय," ओनी म्हणायचा. "दार बंद दिसलं तर काय वाटेल?"

मार्चमधल्या एका मंगळवारी, दुपारी, कॉलेजात फोन आला.

"कार्ल," हेल्मी म्हणाली. "साउनाचं धुराडं चालू आहे."

मी वर्ग तसाच सोडून निघालो.

आभाळ खाली आलं होतं. वारा नव्हता. काठाशी, जिथे उन्हाळ्यात होडी बांधतात, तिथे बर्फ वितळून काळं पाणी उघडं पडलं होतं. तिथून साउनाच्या दारापर्यंत एक अरुंद पट्टा खालच्या पिवळ्या गवतापर्यंत मोकळा झाला होता. दोन्ही बाजूंना कंबरेएवढं बर्फ. पट्ट्यात पाऊल एकही नव्हतं. गवत ओलं होतं. वाफाळत होतं.

घराच्या खिडकीत हेल्मी उभी होती. मी तिला हातानं आत थांबायची खूण केली.

"ओनी!"

आतून कुजबुज आली. मग दार उघडलं.

ओनी बाहेर आला. कंबरेला टॉवेल, पाय उघडे. दात वाजत नव्हते. काटा नव्हता. कित्येक महिन्यांत मी त्याला इतका शांत पाहिला नव्हता.

"झालं, मास्तर," तो म्हणाला. "माझ्यात होती ती सगळी दिली, आता कुठे त्याच्या अंगात ऊब आली."

"तू चल. गाडी चालूच ठेवली आहे."

"तो निघतोच आहे."

"कुठे?"

"घरी," ओनी म्हणाला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून हसला.

त्याच्या मागे, रिकाम्या खोलीत, कुणीतरी दगडांवर पाणी टाकलं.

बर्फ पडायला लागलं. बारीक, कोरडं. माझ्या चेहऱ्यावर पडून ते वितळत होतं. ओनीच्या उघड्या खांद्यांवर ते पडत होतं आणि साठत होतं. एक कण त्याच्या उघड्या डोळ्यावर येऊन टेकला, बुबुळाच्या अगदी मध्यावर. मी वाट पाहिली. त्यानं पापणी हलवली नाही, आणि कण न वितळता तसाच राहिला.