डाव्या खांद्यावरचे वळ

"माझ्या लेकीला न्यायला आलात?" आईनं दारातच विचारलं.

"आधी चौकशी," तपासनीस बाई म्हणाल्या.

बालकल्याण कार्यालयात सकाळी एक फोन आला होता. दबका आवाज. फोनच्या कंपनीतून बोलत असल्याचं सांगून तक्रार केली होती: फोटो तपासताना या घरातल्या मुलीच्या डाव्या खांद्यावर माराचे वळ दिसले. कंपन्या फोटो चाळतात, हे बाई ऐकून होत्या. पण कंपनी कुजबुजते? हे काही त्यांच्या पचनी पडेना. तक्रार त्यांनी आईच्या कानावर घातली.

"मेली ती कंपनी!" आई रडकुंडीला आली. "काल हिला पित्त उठलं होतं हो. डॉक्टरांना पाठवायला फोटो काढला. औषधानं गांधी गेल्यासुद्धा. आमच्या घरात डोकावायला यांना परवानगी कुणी दिली?"

"तुम्हीच दिली असेल."

"'मान्य, मान्य' दाबत गेले. वाचतंय कोण?"

"फोटो कसा काढलात?"

"याच खुर्चीत, हिला मांडीवर घेऊन, सेल्फी कॅमेऱ्यानं. स्वतःला बघितल्याशिवाय ही बसते कुठं?"

"तेव्हा घरात कोण होतं?"

"मी. समोर पेपर वाचत होतो," सासरे म्हणाले.

"मी स्वयंपाकघरात," नणंद म्हणाली. "फोटोचं मला आत्ताच कळतंय."

स्वयंपाकघराचं दार खुर्चीच्या मागेच होतं. बाईंनी फोटो पाहिला. गांधी उजव्या खांद्यावर होत्या. त्यांनी मायलेकींना पुन्हा तसंच बसवलं, कॅमेरा सुरू करायला लावला आणि स्वतः त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," त्या परत येत म्हणाल्या. "तसा हा कंपनी नावाचा संन्यासीही धुतल्या तांदळासारखा नाही. पण कंपनीनं किंवा डॉक्टरांनी फोटो पाहिला, तर त्यात उजवा खांदा आहे. आजोबांना समोर मुलगीच दिसत होती, तेही उजवाच म्हणतील. सेल्फी काढताना मात्र पडदा आरसा होतो, उजवं ते डावं दिसतं. तुमचा फोन फोटो साठवताना तो सरळ करतो. डावा खांदा दिसला तो फक्त त्या क्षणी, मागून पडद्याकडे बघणाऱ्याला."

सगळ्यांनी नणंदेकडे पाहिलं.

"कंपनीवर सगळ्यांचा संशय असतोच," बाई म्हणाल्या. "तुम्हाला आयता आडोसा मिळाला. का केलंत?"

"पुढच्या महिन्यात वहिनी हिला घेऊन भावाच्या नोकरीच्या गावी जाणार," नणंद हुंदके देत म्हणाली. "जन्मापासून मी सांभाळली तिला. चौकशी लागली तर इथंच, माझ्याजवळ ठेवतील, असं वाटलं."

आत्या रडतेय हे बघून मुलगी मांडीवरून उतरली आणि हात पसरून तिच्याकडे निघाली. आईनं तिला मध्येच उचललं.