दिंडोशीहून आलेली पिक्चर ट्यूब

"हात काढा. टीव्ही माझा आहे."

"नाव लिहिलंय का त्यावर?"

कांजूरमार्गला धोंडूशेठच्या भंगाराच्या गोडाउनात, भर दुपारी, एका जुन्या वीस इंची टीव्हीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं उभे होतो. एका बाजूला मी, सपना. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात स्क्रूड्रायव्हर, नि डोकं आधीच तापलेलं. दुसऱ्या बाजूला तो. उंच, सावळा, शर्टावर हिरव्या रंगाचे डाग... आणि हातात चक्क हातोडी!

"हातोडी कशाला?" मी विचारलं.

"काच फोडायला. आमच्या एकांकिकेत टीव्हीतून एक माणूस प्रेक्षकांशी बोलतो. काच फोडायची, आतलं सगळं काढून टाकायचं, की झालं काम."

"फोडायची?" मी इतक्या जोरात ओरडले की धोंडूशेठचा चहा लेंग्यावर सांडला. "अहो, ती पिक्चर ट्यूब आहे! आता बनवत नाहीत कुठे. मी महिनाभर ही साइज शोधतेय. आणि तुम्ही निघालात फोडायला!"

"मला काय माहीत? मला फक्त डबा हवाय."

"आणि मला फक्त ट्यूब!"

तो हसला. एका गालाला खळी पडत होती मेल्याच्या, दुसऱ्या नाही. "मग भांडतोय कशासाठी आपण?"

त्याचं नाव सुबोध. दिवसा अंधेरीत ऑफिस, संध्याकाळी नाटकाचं नेपथ्य. टीव्ही टेम्पोत चढवून आम्ही चारकोपला, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात आणला. वाटेत 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते कळलंच नाही. डबा घेऊन तो लगेच जाईल असं मला वाटलं होतं. गेला नाही. स्टूल ओढून बसला.

"एवढ्या ट्यूबचं करतेस काय?"

मी कोपऱ्यातल्या मशीनवरची चादर काढली. पूर्वी गल्लोगल्ली व्हिडिओ गेमची पार्लरं होती ना, त्यातलं ते उभं लाकडी मशीन. नाणं टाका, दांडा फिरवा, विमानं पाडा. बाकी सगळं मी ठीक केलं होतं. फक्त मॉनिटर आंधळा होता.

"यातली ट्यूब गेलीय. टीव्हीची त्याच मापाची बसते. मुलुंडच्या एका कॅफेला असली मशीनं हवी आहेत. पण आधी हे चाललं पाहिजे."

"आणि नाही चाललं तर?"

"तर बाबा गाळ्याला कुलूप लावणार."

माझे बाबा, भीमराज, यांनी याच गाळ्यात अख्खं आयुष्य टीव्ही दुरुस्त केले. आता भिंतीवरचे पातळ टीव्ही आले नि गिऱ्हाईक आटलं. शेजारच्या पॅकिंगवाल्याला गाळा द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. मी हट्ट धरला तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. येत्या शनिवारी मी येतो. चित्र दिसलं तर गाळा तुझा. नाहीतर मुकाट्यानं नोकरी बघायची." बाबांचा शब्द म्हणजे शब्द, तिथे रडारड चालत नाही.

हे सगळं मी त्या परक्या मुलाला का सांगितलं? कोण जाणे. तो ऐकत होता नीट... मध्ये मध्ये न बोलता. असं ऐकणारं माणूस भेटलं की माझं तोंड थांबत नाही.

टीव्हीचं झाकण काढून मी स्क्रूड्रायव्हर वायरनं आतल्या पत्र्याला जोडला नि त्याचं टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवलं. फट्! निळी ठिणगी उडाली नि सुबोध स्टुलासकट मागे सरकला.

"बंद टीव्ही आहे ना हा?"

"बंद असला तरी आत करंट धरून बसतो. आधी तो काढायचा, मगच हात लावायचा."

"तुझ्यासारखंच की. आधी ठिणगी काढायची..."

"हात लावून तर बघ!"

म्हणाले खरी, पण नंतर कानाची पाळी बराच वेळ गरम होती.

दुसऱ्या दिवशी तो कैरीची भेळ घेऊन आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी नुसताच आला. सोल्डरच्या धुरात बसून मला नाटकातले संवाद म्हणून दाखवायचा, मी वायरी सोलायचे. हसून हसून माझा हात हलायचा. मला तो आवडायला लागला होता, सरळ सांगते. रिक्षा थांबल्याचा आवाज आला की मी उगाच केस सारखे करायचे.

आणि मग व्हायचं तेच झालं. मी वाकून मशीनच्या आतले स्क्रू काढत होते. "सुबोध, ती ट्यूब जरा इकडे दे," मी म्हटलं. ट्यूबच्या मागे निमुळती काचेची नळी असते, तिला आम्ही मान म्हणतो. ट्यूब उचलायची ती पुढच्या जड बाजूनं, पोटाशी धरून. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून मी सांगितलंच नाही. आणि त्यानं कळशी उचलावी तशी ती मानेला धरून उचलली.

कट्. मग बारीक सूंऽऽऽ आवाज.

"काय झालं? कसला आवाज?"

"हवा शिरली आत," मी म्हणाले. "मेली ती."

"चिकटवता नाही येणार?"

तो बिचारा साधं विचारत होता, पण माझा तोल गेला. "जा तू! वाट लावलीस माझी! जा ना इथून!"

तो गेला. काळवंडून गेला होता अगदी. मी जमिनीवर बसून भोकाड पसरलं. निम्मं ट्यूबसाठी, निम्मं... त्याला जा म्हणाले म्हणून.

शुक्रवारी संध्याकाळी गाळ्यापुढे रिक्षा थांबली. सुबोध उतरला, घामानं भिजलेला. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेला टीव्ही. वीस इंची!

"कुठे मिळाला?"

"भंगारात."

"भंगारात? इतका स्वच्छ?"

"मी पुसला," तो म्हणाला, नि नजर दुसरीकडे वळवली. "आधी बघ ना, चालतो का."

मला भांडायला सवड नव्हती. रागही नव्हता खरं तर, कधीच उतरला होता. "सॉरी," मी म्हणाले. "खूप बोलले मी."

"मी सॉरी. यापुढे कोणाचीही मान धरणार नाही."

मला हसू आलं, त्यालाही आलं, नि आम्ही कामाला लागलो. ट्यूब त्यानं पोटाशी धरली, तान्ह्या बाळाला धरतात तशी.

शनिवारी बाबा आले. हाताची घडी घालून उभे राहिले. मी बटण दाबलं. ट्यूब गुणगुणली, पडदा उजळला... आणि विमानं दिसली. उलटी. पाय वर, डोकं खाली!

"झकास!" सुबोध ओरडला. "शीर्षासन करून खेळायचं का?"

"गप रे. दोन वायरी उलट्या लागल्यात." मी त्या बदलल्या नि चित्र सरळ झालं. लाल, निळं, हिरवं, कसं ठसठशीत! बाबांनी जवळ येऊन पाहिलं, मानेनं होकार दिला. "बसलंय गं व्यवस्थित. गाळा तुझा."

मला नाचावंसं वाटलं. पण रंग कुठे डागाळत नाहीत ना, हे बघायला पडदा पूर्ण पांढरा करून पाहायची आमची रीत. मी केला. आणि पडद्याच्या कडेला पुसट करडी अक्षरं दिसली. वर्षानुवर्षं एकच चॅनल लावलं की त्यावरची पट्टी काचेत अशी भाजून बसते. या मशीनमध्ये ट्यूब आडवीची उभी करून बसवतात, म्हणून अक्षरं आडवी पडलेली. मी मान वाकडी केली. शेजारी सुबोधनंही केली. आमची डोकी एकमेकांना टेकली.

'कोकणमेवा केबल, दिंडोशी.'

"सुबोध, तू राहतोस कुठे?"

"...दिंडोशीला."

"हा टीव्ही कोणाचा?"

"आयेचा." तो पुटपुटला. "ती शिमग्याला गावी गेलीय."

मी खसकन प्लग काढला. चित्र गेलं. "बाबा, हा टीव्ही परत जाणार."

"मग कुलूप?" बाबांनी विचारलं.

"मग कुलूप." आवाज फुटला माझा, पण म्हणाले. एका बाईचा टीव्ही पळवून मला गाळा नको होता. "नंबर लाव आईंचा. आत्ताच्या आत्ता."

फोन मीच घेतला, स्पीकरवर. पलीकडे ढोल वाजत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. "...मावशी, माफ करा, उद्या मी स्वतः टीव्ही जोडून आणून देते."

"अगो, कित्याक?" सुबोधच्या आई, मालनमावशी, म्हणाल्या. "झिलान माका विचारून नेल्यान तो. म्हटलंय, कोणाक रे व्हयो? म्हणता, एका चेडवाक, माझ्या हातान तेचा नुकसान झाला. म्हटलंय, मगे ने. आता सांग गो, तेना तुका विचारल्यान काय?"

झील म्हणजे मुलगा नि चेडू म्हणजे मुलगी, एवढी मालवणी मला कळत होती. "काय विचारलं?"

"नाय विचारल्यान? अरे मेल्या!"

बाबा एकदम वळले नि रिकाम्या डब्यात स्क्रू शोधू लागले. सुबोध लालबुंद झाला होता.

"मशीन मुलुंडला गेलं की विचारणार होतो," तो हळूच म्हणाला. "आधी विचारलं असतं तर... तुला वाटलं असतं, ट्यूब दिली म्हणून विचारतोय. म्हणून भंगारातला म्हणालो."

कुणी माझ्यासाठी इतका विचार करेल, असं मला वाटलं नव्हतं.

"आता विचार," मी म्हणाले.

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"उलटी विमानं पाहिलीस ना सगळ्यांसमोर?"

त्यानं श्वास घेतला. "सपना... मला तू फार आवडतेस. मी... मी आवडतो का तुला?"

मला त्याच्या डोळ्यांत बघवेना. मी फोन तोंडाजवळ नेला. "मावशी, ऐकताय ना? चेडू हो म्हणाला म्हणून सांगा त्याला."

पलीकडे ढोलांच्याही वर मावशींची आरोळी उठली, इकडे सुबोधनं माझा रिकामा हात घट्ट धरला. बाबांनी डब्यातून डोकं वर काढलं.

"आता प्लग लाव की गं," ते म्हणाले. "त्या केबलवाल्याचं नाव मला नीट वाचू दे. पोरगा कुठला, ते तुझ्या आईला सांगायला लागेल ना!"