डेसीचे प्रेक्षक

पाद्र्याचा काळा झगा अंगावर चढला की मॅलकी टिअर्नीची कंबर धरायची. झग्याचा त्यात काही दोष नव्हता. चार वर्षं तो तेच तेच करत होता, आणि आताशा अंगाला ते आधी कळायचं, मनाला नंतर.

‘दोन फादर, एक सायकल’ ही मालिका आयर्लंडमधली अर्धी घरं शुक्रवारी संध्याकाळी बघत. बिशपच्या कचेरीतल्या घोळामुळे एका आडबाजूच्या बेटावर एकाच वेळी दोन पाद्री नेमले जातात, दोघंही हटायला तयार नसतात, आणि मग एका घरात, एका सायकलवर त्यांचा भांडत-तंडत संसार सुरू होतो. गोष्ट एवढीच. त्यातला खडूस, लांब चेहऱ्याचा पाद्री म्हणजे मॅलकी. गोलमटोल, सतत काहीतरी चघळणारा पाद्री म्हणजे डेसी क्विग्ली. गॉलवेच्या रस्त्यावर लोक मॅलकीला थांबवून विचारत, “फादर, सायकल कुठंय?” पहिल्या वर्षी तो हसायचा. आता नुसती मान हलवायचा. ही शेवटची मालिका, यानंतर नाही, असं त्याने निर्मात्याला सांगूनही टाकलं होतं.

सप्टेंबरचा महिना होता. चित्रीकरणाचा मुक्काम इनिशगॉर्म बेटावर होता. वारा दगडी गडग्यांच्या फटींतून शिट्ट्या घालत होता, आणि पाद्र्यांच्या ओसाड घरासमोर, चर्चच्या बाजूला, मॅलकी गडग्यावर बसून गार झालेला चहा पीत होता. बेटावर खराखुरा पाद्री राहून कैक वर्षं झाली होती. महिन्यातून एकदा मुख्य भूमीवरून एक जण बोटीने यायचा, प्रार्थना उरकायचा आणि परतीच्या बोटीने जायचा.

“काय फादर, आज कुणाची पापं धुतलीत?” नॅन फॅहर्टीने जाता जाता विचारलं. मॅलकी आणि ध्वनिमुद्रण करणारी डर्व्हला, दोघं तिच्याच घरी उतरले होते. पंच्याहत्तरी उलटलेली बाई, पण जिभेला धार.

“स्वतःचीच धुतोय. डाग जात नाहीत.”

“मग गरम पाण्यात भिजत घाला,” असं म्हणून ती पुढे गेली.

त्याच दुपारी डर्व्हलाने त्याला हाक मारली. पाद्र्यांच्या घरामागे जळणासाठी वाळवलेल्या पीटच्या मातीच्या विटा रचून ठेवायची खोली होती, तिथे तिने आपलं यंत्र मांडलं होतं. डर्व्हला हॅनरॅटी चाळिशीची, मितभाषी बाई. कामात चूक झाली तर स्वतःवरच चिडणारी. तिने कानावर लावायची हेडफोनची जोडी त्याच्यापुढे धरली.

“ऐका. सकाळचा प्रसंग आहे. तुम्ही दोघं सायकलवरून भांडता तो.”

मॅलकीने ऐकलं. वारा. मेंढरू. त्याचा स्वतःचा कंटाळलेला आवाज. मग डेसी बोलायला लागला आणि त्याच्या आवाजाखालून हशा उठला.

दहा-बारा माणसांचा असावा. जरा लांबून येणारा, भिंतीपलीकडून आल्यासारखा. एका बाईचं हसणं उंच चढून थरथरत खाली यायचं, त्यामागे बाकीचे.

“हे कोण?”

“तेच विचारायला बोलावलं. इथे प्रेक्षक नसतात, तुम्हाला ठाऊकच आहे. प्रेक्षक डब्लिनच्या स्टुडिओत. त्यांना हे दाखवायचं, ते हसले की ते हसू टिपायचं. ते अजून व्हायचंय.”

“टेप जुनी असेल. आधीचं काही पुसायचं राहिलं असेल.”

“मलाही तसंच वाटलं. म्हणून मघाशी कोरी टेप फोडली. तिच्यावरही आहे.” तिने कपाळ चोळलं. “माइक बदलला, वायर बदलली. मुद्रण चालू असताना माझ्या कानात काही येत नाही, मॅलकी. फक्त नंतर, टेप लावल्यावर.”

मॅलकीने पुन्हा ऐकलं. आणि कुणाला सांगायची लाज वाटावी अशी गोष्ट झाली. त्याला बरं वाटलं. हे हसू मनापासूनचं होतं. डब्लिनमधल्यासारखं नव्हतं, जिथे कोपऱ्यात एक माणूस हात हलवून लोकांना हसायला लावतो. पोटातून येणारं, आवरता न येणारं. असं हसू मिळून त्याला किती वर्षं झाली होती!

दुसऱ्या दिवशी त्याने जीव ओतून काम केलं. दिग्दर्शक ओएनसुद्धा चकित झाला. संध्याकाळ व्हायच्या आत मॅलकी आपणहून पीटच्या खोलीत गेला.

“माझा एकट्याचा प्रसंग लाव. कबरस्तानातला.”

डर्व्हलाने लावला. वारा. त्याचा आवाज. पुन्हा वारा. बाकी काही नाही.

“आता डेसीचा. एकट्याचा.”

डेसी त्या प्रसंगात नुसता एका मेंढीशी बोलत होता. पण त्याने तोंड उघडायच्या आधीच, गडग्यावरून उडी मारून तो समोर आला तेव्हाच, ते हसू उसळलं. जवळून. आदल्या दिवसापेक्षा खूप जवळून.

मॅलकीने जोडी काढून ठेवली. भीतीच्या आधी त्याला मत्सर वाटला, हे त्याला नंतर आठवत राहिलं. जे प्रेक्षक अस्तित्वातच नाहीत, त्यांनाही डेसीच आवडतो!

पुढच्या जेवणाच्या सुट्टीत त्याने तो राग डेसीवरच काढला. डेसी त्याच्या बशीतलं बिस्किट उचलत होता.

“स्वतःचं घे की. चार वर्षं माझंच खातोयस.”

डेसीने बिस्किट तसंच तोंडात टाकलं. “तुझं गोड लागतं रे. माझ्या बायकोपेक्षा जास्त जेवणं मी तुझ्याबरोबर जेवलोय, म्हाताऱ्या. तिलाही असाच राग येतो.” मग जरा थांबून म्हणाला, “झोप लागत नाही का तुला? चेहरा उतरलाय. आईचं काही?”

मॅलकीची आई वसंतात गेली होती. त्यानंतर तिच्याविषयी विचारणारा डेसी एकटाच होता. मॅलकीने “काही नाही” म्हटलं आणि उरलेली बिस्किटं त्याच्याकडे सरकवली.

त्या दुपारी पाऊस आला, काम थांबलं. नॅनच्या स्वयंपाकघरात चूल रसरसत होती, ओट्यावर नुकताच काढलेला पाव निवत होता. डर्व्हला आपलं लहान यंत्र टेबलावर ठेवून बसली होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“कसली टेप ऐकतेस गं पोरी? तोंड बघ कसं झालंय,” नॅन म्हणाली.

“कुणीतरी हसतंय, नॅन. कोण ते कळत नाही. तुम्ही बेटावरच्या. ओळखीचं वाटतं का बघता?”

नॅनने पिठाचे हात पुसले आणि जोडी कानाला लावली. सुरुवातीला तिच्या चेहऱ्यावर शिष्टाचाराचं हसू होतं. मग ते गेलं. तिने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. टेप संपली तरी ती तशीच उभी.

“नॅन?”

“हे हसणं नाही,” ती म्हणाली. “हे रडणं आहे.”

किटलीतलं पाणी उकळत होतं.

“माणूस मेलं की बायका घरी यायच्या. पुढची सूर उचलायची, वर न्यायची, आणि तिचा श्वास संपला की बाकीच्या तो सूर धरायच्या. मी सात-आठ वर्षांची असताना शेवटचं ऐकलं. माझ्या आजोबांची होडी परत आली नव्हती तेव्हा. पुढे फादरांनी बंद करवलं. वेदीवरून शिव्या घातल्या, म्हणे हा ख्रिस्ती माणसांचा रिवाज नव्हे. त्यानंतर या बेटावर कुणी असं रडलेलं नाही. येतच नाही कुणाला. मलाही येत नाही.” तिने जोडी अलगद टेबलावर ठेवली, कपबशी ठेवावी तशी. “कुणाचं आहे हे? कुणावर रडतायत?”

डर्व्हलाने मॅलकीकडे पाहिलं. मॅलकीने जोडी उचलून कानाला लावली. तीच टेप, तेच आवाज. उंच चढून थरथरत खाली येणारी ती बाई. त्यात हसू कुठून ऐकू आलं होतं, हे त्याला आता समजेना. खूप प्रयत्न करूनही ते पुन्हा हसण्यासारखं वाटेना.

त्या रडण्याखाली डेसीचा आवाज मेंढीला विनोद सांगत होता.

“त्याला सांगायचं नाही,” डर्व्हला हळूच म्हणाली.

“सांगायचं तरी काय?” मॅलकी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. धक्क्यावर शेवटचा मोठा प्रसंग होता. डेसीचा पाद्री चोरून होडीत बसतो आणि बेट सोडून निघतो, मॅलकीचा पाद्री धक्क्यावर उभा राहून त्याच्या नावाने शंख करतो. होडी तिथलीच होती. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर फासलेलं कापड ताणलेलं, पानासारखी हलकी. एकटा माणूस बसला की ती पाण्यावर नुसती टेकते. डेसीला पोहता येत नव्हतं. सकाळपासून तो विनोद करत होता आणि एकामागून एक सिगारेट पेटवत होता.

मॅलकीने ओएनला बाजूला घेतलं. “हा प्रसंग काढून टाक.”

“काढू? यासाठी तर आपण बेटावर आलो.”

“मग धक्क्यावरून लांब दोर बांध होडीला.”

“दोर दिसेल, मॅलकी. समुद्र बघा की, तळं झालंय नुसतं. तुम्हाला काय झालंय?”

मॅलकीने होडीकडे पाहिलं. त्याचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण तो इतका थकला होता की अविश्वास धरून ठेवायलाही अंगात बळ नव्हतं. तो सरळ धक्क्याच्या पायऱ्या उतरला. होडीवाला कोलमन, नॅनचा पुतण्या, डेसीसाठी होडी धरून उभा होता. मॅलकी झगा सावरून आत बसला आणि त्याने वल्ही हातात घेतली. लहानपणी शॅनन नदीवर त्याने हे खूप केलं होतं.

“ए, ती माझी जागा!” डेसी वरून ओरडला.

“आज मी जातो. तू ओरड.”

डेसीच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद इतका उघड पसरला की सगळे हसले. ओएनने हात वर फेकले. “ठीक आहे! असंच करू. उजेड जातोय. चालू!”

मॅलकी निघाला. वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते, त्यामुळे मागे पडणारा धक्का त्याच्या डोळ्यांसमोर होता. डेसी हातवारे करत ठणाणा बोंबलत होता. होडी हलकी होती, वल्ह्याच्या एका फटक्याला केवढी तरी सरकायची. ठरल्याप्रमाणे तो खडकाच्या सुळक्याला वळसा घालून दिसेनासा झाला आणि थांबला.

त्याने वाट पाहिली. काहीच झालं नाही.

शेवाळ हलत होतं. एक पाणकावळा खडकावर पंख वाळवत बसला होता. मॅलकीला स्वतःचंच हसू आलं. एका म्हातारीच्या बोलण्यावर आपण साठीला आलेलं अंग घेऊन समुद्रात आलो. डेसी वर्षभर चिडवेल. चिडवू दे.

त्याने होडी वळवली.

वल्ही जड लागत होती. प्रवाह असेल, त्याला वाटलं. दंड भरून आले. त्याने दम घेतला, पुन्हा ओढलं.

ओल्या लोकरीचा वास आला. पीटच्या धुराचा. मग तपकिरीचा.

समोरची बसायची फळी रिकामी होती. उन्हात तिच्यावरचे डांबराचे डाग चकाकत होते. पण निघताना हातभर खाली असलेलं पाणी आता होडीच्या काठाला लागलं होतं.

तो फळीकडे बघेना. मान खाली घालून वल्हवत राहिला.

धक्क्यावर टाळ्या पडल्या. “अप्रतिम!” ओएन ओरडला. डर्व्हलाने कानावरची जोडी काढून मांडीवर ठेवली होती आणि दोन्ही हातांनी ती गच्च दाबून धरली होती. डेसी अरुंद पायऱ्यांच्या माथ्यावर, वाटेतच एका खोक्यावर बसून चहा ढवळत होता. सुखरूप. धडधाकट. मॅलकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

कोलमन होडी बांधायचा आखूड दोर धरायला वाकला आणि मध्येच थांबला. त्याने होडीकडे पाहिलं, मग मॅलकीकडे. क्रूसाची खूण करायला त्याचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला.

“उतरा,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “आधी तुम्ही उतरा.”

मॅलकी उतरला. दोर मॅलकीच्याच हातात होता. त्याने मागे वळून पाहिलं.

रिकामी होडी जरा वर उचलली गेली. डुलली. स्थिर झाली.

मग पुन्हा जरा वर आली.

मग पुन्हा.

“काय वल्हवतोस रे म्हाताऱ्या!” डेसी वरून म्हणत होता. “माझ्या बायकोला सांगतो, मॅलकीने माझ्यासाठी जीव...” बोलता बोलता त्याने कप छातीशी धरला, गुडघे एका बाजूला वळवले आणि वाट करून दिली.

“माफ करा हं,” तो म्हणाला आणि पुन्हा चहा ढवळायला लागला.