बाहुलीचं माप

पहिल्याच भेटीत त्याने तिला एका डोळ्याशी बोलताना पकडलं.

डोळा म्हणजे पुरता डोळासुद्धा नव्हे. नुसतं पांढरं कवच, रंग न लागलेलं. ते तळहातावर घेऊन ती खिडकीपाशी बसली होती आणि पापण्या मिटून हळूच म्हणत होती, "तू केलास तसा मला जमायचा नाही. पण जवळ जाऊ दे."

"कोणाच्या जवळ?" दारातून आवाज आला.

ती अशी दचकली की कवच टेबलावरून टुणटुणत खाली गेलं. दारातला माणूस लगबगीने वाकला, पण उचलताना दोनदा त्याचा हात भलतीकडेच पडला. तेव्हा तिने नीट पाहिलं. त्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती.

"कोणाशी बोलत होतात?" कवच तिच्या हातावर ठेवत त्याने विचारलं.

"देवाशी."

"अच्छा! मग काय म्हणाला तो?"

"म्हणाला, दार वाजवून आत यायची पद्धत असते."

तो हसला. खो खो नाही, चेष्टेनेही नाही... चोरी पकडली गेल्यावर माणूस हसतो ना, तसा. तिने मात्र मनात नोंद केली. कारण या एका वाक्यापायी तिचं एक ठरलेलं लग्न मोडलं होतं बरं का! त्या भल्या माणसाला तिने मोठ्या विश्वासाने सांगितलं होतं, की प्रत्येक डोळा रंगवण्याआधी मी ज्याने खरे डोळे केले त्याची परवानगी घेते. त्याने ते चारचौघांत नकला करून सांगितलं आणि पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी हिने नकार कळवला. आत्याला ठणकावून सांगितलं, "विश्वास नसला तरी चालेल एक वेळ. पण माझ्या त्या वाक्याला हसणारा माणूस मला घरात नको."

आत्या म्हणजे या कामाची मालकीण. आजारात, अपघातात ज्यांचा डोळा जातो त्यांना इथे नवा मिळायचा. त्याने दिसत काही नाही, पण माणूस पुन्हा मान वर करून चालायला लागतो. आत्या साचा घ्यायची, कवच घडवायची. भाची त्यावर बुबुळ रंगवायची. एका केसाच्या कुंचल्याने दिवसदिवस कण कण रंग भरत बसते, म्हणून आत्या तिला म्हणायची मुंगी. तेच नाव पडलं. आणि तीन वर्षांत मुंगीच्या हातचा एकही डोळा परत आला नव्हता. आत्याला त्याचा इतका तोरा, की भाचीपुढे कौतुकाचा शब्द काढायची नाही, पण येणाऱ्याजाणाऱ्याला गाठून सांगायची.

आणि तो? शाळेत जीवशास्त्र शिकवायचा. प्रयोग चालू असताना काचेचं भांडं फुटलं, पुढच्या बाकावरच्या मुलीला मागे ओढताना तुकडा त्याच्या डोळ्यात गेला. कोणीही काहीही सांगितलं की "पुरावा काय?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. मुलं त्याला पुरावा सर म्हणायची, आणि त्याला ते आवडायचं.

कामाचे नियम कडक होते. रंग फक्त खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात जुळवायचा, दिव्याखाली नाही. दर बैठकीला रंगवणाऱ्यानेच समोर बसून चांगल्या डोळ्याच्या बाहुलीचं, म्हणजे मधल्या काळ्या ठिपक्याचं, माप घ्यायचं. खरी बाहुली लहानमोठी होते, रंगवलेली होत नाही. म्हणून तीन बैठकांची मापं जुळली तरच ती कवचावर उतरवायची.

तर मुंगी भिंग घेऊन त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या उजव्या डोळ्यात बघायला लागली.

लांबून साधा तपकिरी डोळा. हजारांचा असतो तसा. पण भिंगातून... अगं बाई! बाहुलीभोवती मधाच्या रंगाचं कडं. त्यातून निघालेले शेकडो तंतू, एकही दुसऱ्यासारखा नाही. मध्येच खोल खोल कपारी. आणि खाली, पापणीच्या आड, एक हिरवट ठिपका, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. तीन वर्षं हेच काम, तरी दर वेळी तिचा श्वास अडकायचा. आजही अडकला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"तुमच्या डोळ्यात एक हिरवा ठिपका आहे. माहीत होता?"

"नाही."

"तीस वर्षं तुम्हाला माहीत नाही, तुमच्या आईलाही नसेल. जे कोणी बघणारच नाही, तिथेही त्याने एवढं मन लावून काम केलंय."

"रंगद्रव्य साचतं तिथे. बाकी काही नाही."

"साचू दे ना. पण किती सुरेख साचलंय!"

 दुसऱ्या दिवशी पुरावा सर तयारी करूनच आले. "तुमच्या त्या कारागिराने डोळ्याच्या पडद्यावर एक जागा आंधळी ठेवलीय, माहितीये? असा डोळा तुम्ही केला असता तर आत्यांनी तोंडावर फेकला असता."

"हलू नका. तुम्हाला ती जागा कधी जाणवली?"

"नाही. मेंदू भरून काढतो ती."

"म्हणजे भरून काढायलाही कोणीतरी ठेवलंय!"

"तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही."

"मग घालू नका... पण डोळा इकडेच ठेवा."

पलीकडच्या खोलीतून आत्या खोकली. उगीचच.

मग ढगाळ दिवस आले. आकाश राखेच्या रंगाचं, रिमझिम थांबेना. अशा उजेडात रंग जुळत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी तो छत्री झटकत दारात हजर.

"आज काम व्हायचं नाही," ती म्हणाली.

"माहितीये."

"मग?"

"सहज... इकडून चाललो होतो."

शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. मुंगीने ते बोलून दाखवलं नाही, थर्मासमधला चहा ओतला. त्या दिवशी पहिल्यांदाच तो वाद न घालता बोलला. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं, त्याकडे बघत म्हणाला, "एक विचारू? खरंच विचारतोय. त्याने एवढं मन लावून घडवला असेल तर... फुटू का दिला?"

तिने हातातला कप खाली ठेवला. किती तयार उत्तरं ऐकली होती तिने आयुष्यात! त्यातलं एकही या माणसापुढे ठेवावंसं वाटेना.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तो प्रश्न मीही विचारते. इथे येणाऱ्या प्रत्येकासाठी."

"आणि तरी मानता?"

"तरी मानते."

त्याने कोपऱ्यातली छत्री उचलली. मग म्हणाला, "मी मानत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोललो असतो... जमेल असं वाटलं होतं. पण तुमच्यासमोर जमत नाही."

तो गेल्यावर मुंगी एकटीच भरून आलेल्या आकाशाकडे बघत राहिली. त्याच्यावर आपला जीव जडलाय, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. आणि हेही, की हा माणूस मानण्याचं खोटं सोंग कधी करणार नाही, आणि आपण ते परवानगीचं वाक्य कधी सोडणार नाही. मग कसं जुळायचं?

ऊन पडलं. डोळा पूर्ण झाला. बावीस थर रंगाचे, लाल रेशमाच्या तंतूंच्या शिरा, आणि खाली तो हिरवा ठिपका, जो कोणी बघणार नव्हतं. डोळा बसवून तिने त्याच्या हाती आरसा दिला. त्याने आरशात पाहिलं, मग आरशावरून तिच्याकडे पाहिलं. दोन्ही डोळे ओले झाले. रंगवलेलासुद्धा... पाणी तर त्यालाही येतं.

तो निघाला तेव्हा दोघांनाही बोलायचं होतं. पण काम संपलं होतं, आणि कामाशिवाय बोलायचं निमित्त कोणालाच सापडलं नाही.

आठ दिवसांनी डोळा परत आला. म्हणजे मालकासकट आला, पण आला तक्रार घेऊन!

"घरी माझी ताई म्हणते, डावी बाहुली मोठी दिसते," तो खाली बघत म्हणाला. "शाळेतही मुलं म्हणाली. मी म्हटलं, पुरावा काय? तर त्यांनी फोटोच काढून दाखवला."

मुंगीचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याने फोटो पाहिला, मापांची वही उघडली. "चार मिलिमीटर. तिन्ही बैठकांना चार! अगं, भर उजेडात चार कशी असेल? डोळे कुठे होते तुझे?"

"आत्या, मी नीट मोजलं होतं..."

"कसलं नीट! जा, आतून दुसरं कवच आण. आता मी मोजते."

मुंगी मान खाली घालून आत गेली. तीन वर्षांत परत आलेला पहिला डोळा, आणि तोही याचाच! ती रडायच्या बेतात होती. बाहेर आत्याने त्याला खिडकीपाशी बसवलं, डोळ्यासमोर मापाची पट्टी धरली. "तीन. स्वच्छ तीन. या पोरीचं लक्ष कुठे..."

एवढ्यात मुंगी कवच घेऊन दारात आली. आत्या बोलता बोलता थांबली. पट्टीवर वाकली. चष्मा पुसून पुन्हा वाकली.

"मुंगे, आत जा."

"का?"

"जा म्हणते ना!" मग पुटपुटली, "तीन... आता ये."

मुंगी आली. आत्याच्या डोळ्यांसमोर ती काळी बाहुली हलकेच उमलली. कोणी फुंकर घालावी तशी.

"चार," आत्या म्हणाली. "पुन्हा जा."

"आत्या, काय चाललंय तुझं?"

"जा!... तीन. ये... चार!" आत्याने पट्टी टेबलावर आपटली. "माप बरोबर होतं गं बाई. तू समोर असलीस की चार, नसलीस की तीन. आता यावर मी काय साचा करू? सर, तुम्हाला पुरावा लागतो ना? घ्या!" आणि चुलीवर काहीतरी राहिल्यासारखी ती तरातरा आत निघून गेली. चूल तर तिथे नव्हतीच.

पुरावा सरांचे कान लालबुंद झाले होते.

"हे मी मुलांना शिकवतो," तो कसाबसा म्हणाला. "जे आवडतं ते समोर आलं की बाहुली मोठी होते. आपल्या हातात नसतं. मी... मी करत नाहीये हे."

"मग कोण करतंय?"

"नसा."

"आणि नसांना कोणी सांगितलं?"

  उत्तर त्याच्याकडे होतं, वर्गात दोन तास बोलता येईल एवढं. पण आज ते पुरेना. "माहीत नाही," तो म्हणाला. मग अगदी हळू, "तुम्ही दीड महिना माझा डोळा बघितलात. मी एकदा... तुमचा बघू?"

तिने भिंग त्याच्या हातात दिलं आणि उजेडाकडे तोंड केलं.

डोळ्याचं चित्र त्याने फळ्यावर शंभरदा काढलं होतं. प्रत्येक भागाचं नाव त्याला तोंडपाठ होतं. पण जिवंत बुबुळ इतक्या जवळून, उन्हात, त्याने कधी पाहिलं नव्हतं. काळंभोर वाटणारं ते बुबुळ आत जाता जाता तांबूस होत गेलं, तांबूसातून सोनेरी. धागे, कडी, दऱ्या... नजर जाईल तिथे आणखी काहीतरी. आणि मध्यभागी ती बाहुली. तो बघत असतानाच ती मोठी झाली. त्याच्यासाठी!

भिंग धरलेला हात खाली आला.  

"हसायला येतंय का?" तिने विचारलं. 

"हसायला?" तो म्हणाला. "अहो, मला गुडघ्यावर बसावंसं वाटतंय." मग थांबून, "मला अजूनही मानता येत नाही. खरं तेच सांगतो. पण कोणाचे तरी आभार मानल्याशिवाय राहवत नाहीये... आणि कोणाचे मानायचे, तेवढंच मला माहीत नाही."

मुंगीचे डोळे भरून आले. तिने पांढरं कवच तळहातावर घेतलं, पापण्या मिटल्या आणि या वेळी मोठ्याने म्हणाली, "तू केलास तसा मला जमायचा नाही. पण जवळ जाऊ दे."

तो शेजारी उभा होता. श्वास रोखून, वर्गातल्या सगळ्यात शहाण्या मुलासारखा. तिचं म्हणून झाल्यावर घसा खाकरून म्हणाला, "आणि... माझेही आभार सांगा. असेल तर."

"असेल तर म्हणे!" ती रडता रडता हसली. कुंचला उचलला. "बाहुली केवढी काढू?"

"तीनची. शाळेत तीनचीच लागते."

"आणि हा जुना? टाकून द्यायचा?"

"छे! तो घरी लावायला." तो एक पाऊल पुढे आला. "घरी तुम्ही असाल... तर चारचाच लागणार ना?"

मुंगीने कुंचला बाजूला ठेवला.  तिने भुवई उंचावली.

"पुरावा काय?"

त्याने टेबलावरची पट्टी उचलून तिच्या हातात ठेवली आणि उजेडाकडे तोंड करून तिच्यासमोर बसला.

"मोजा," तो म्हणाला. "रोज मोजा."