एक्केचाळिसावी बंदूक

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना उंदीर, वारा, मनाचे खेळ असलं काही सुचवायचं असेल, त्यांनी इथेच थांबावं. दोन वर्षं तेच ऐकून माझं डोकं उठलंय.

रविवार होता. दुपारचे चार. खिडकीतून लख्ख ऊन. रात्रबित्र काही नव्हती.

जागा, बाबांची मागची खोली. बाबा जाऊन तीन महिने झाले होते.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि जुन्या टिकल्यांच्या बंदुका जमवायचे. लहान मुलांच्या. घोडा आपटला की कागदी टिकली फुटते, त्या. काचेच्या कपाटात एक्केचाळीस होत्या. त्यांच्या त्या जगात, जिच्यात एकही टिकली फुटलेली नाही अशा बंदुकीला मान. तिला ते 'कोरी' म्हणायचे. घोडा जिथे आपटतो तिथे दर रविवारी कापूस फिरवायचे. कापूस पांढराच निघायला हवा.

घरात दोन मुलं, कपाटभर खेळणी, आणि हात लावायची सोय नाही.

धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना त्याने एक बंदूक काढली. शाळेतून आणलेली टिकली फोडली. एकच.

बाबांनी कानाखाली अशी लगावली की त्याचा डावा कान कायमचा गेला. डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडला. आई गप्प राहिली. मीही. त्या बंदुकीला बाबांनी 'बाद' अशी चिठ्ठी चिकटवली आणि ती सगळ्यात खालच्या फळीवर टाकली. चिठ्ठी बंदुकीला होती, पण रोज वाचायचा धाकटा.

त्याला बाबांकडून दुसरं काही नको होतं.

"एकदा 'चुकलं' म्हणाले असते ना ताई, तरी मला पुरलं असतं," तो दवाखान्याच्या जिन्यात मला म्हणाला होता.

आत बाबा शेवटच्या घटका मोजत होते. त्यांनी मला विचारलं ते कपाटाच्या किल्लीचं.

म्हणून मी कपाटच रिकामं करायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी स्वतः कापूस फिरवला. चाळीस कोऱ्या, आणि 'बाद'वर काळं. कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये ठेवली, पर्स उशाशी.

दुसऱ्या दिवशी, त्या रविवारी, बंदुका विकत घ्यायला एक गृहस्थ आले. बाबांच्याच पंथातले, खिशात कापसाची डबी घेऊन फिरणारे. धाकटा बाहेरच्या खोलीत बाबांची अवजारं आवरत होता. मी कुलूप उघडलं...

आणि धाकटा दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"ताई, टिकल्या कोण फोडतंय?"

मी आणि त्या गृहस्थांनी काहीच ऐकलं नव्हतं.

त्याने उजव्या कानावर तळहात घट्ट दाबला. तसाच उभा राहिला. ऐकत...

"या कानात," तो म्हणाला. "डाव्या. चाळीस झाल्या, मी मोजल्या. आता थांबलं."

गृहस्थांनी पहिल्या बंदुकीवर कापूस फिरवला.

काळा.

दुसरी. काळा. दहावी... विसावी... चाळिसावी. सगळे काळे. खोलीत जळक्या दारूचा वास दाटला. मी एका बंदुकीला बोट लावलं. घोडा गरम होता.

"बाई, फसवायला मीच सापडलो का?" ते म्हणाले.

घरात तीस वर्षांत टिकल्या आलेल्या नाहीत, हे मी शपथेवर सांगितलं. त्यांनी डबी खिशात कोंबली, अर्धा कापूस सांडला आणि निघून गेले.

धाकटा खाली बसला. खालच्या फळीवरून 'बाद' काढली. सांडलेला स्वच्छ कापूस उचलला आणि फिरवला...

पांढरा.

पुन्हा फिरवला. पांढराच.

चिठ्ठी फळीवर पडली होती. नीट सोललेली, एक कोपराही न फाटता. इतकं हलकं सोलायला घड्याळवाल्याचाच हात लागतो.

"बोलले ना, ताई," धाकटा म्हणाला. बंदूक छातीशी धरून तो लहान मुलासारखा रडत होता.

मला भीती नाही वाटली. संताप आला. आजही येतो. जन्मभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात आणि आता हे? जिवंतपणी एक शब्द जड झाला होता?

ती बंदूक धाकट्याकडे आहे. रोज चार वाजता त्याच्या डाव्या कानात एक टिकली फुटते. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. कान ठार बहिरा आहे. त्याची मुलगी त्या बाजूने हाक मारते ती त्याला ऐकू येत नाही. टिकली तेवढी येते. चार वाजले की तो हसतो, आणि मला ते बघवत नाही.

त्या दिवशी निघताना मी ती चिठ्ठी उचलली. बाबांच्याच अक्षरातली. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोच्या काचेवर लावली, बरोबर कपाळावर. डिंक केव्हाच वाळला होता, चिकटायचं काही कारण नव्हतं. तरी चिकटली.

"पटत नसेल तर काढा," रिकाम्या घरात मी मोठ्याने म्हणाले.

मी दर रविवारी जाऊन बघते. घर बंद असतं. किल्ली माझ्याकडेच.

चिठ्ठी तिथेच आहे. आणि तिचे कोपरे सुटायच्या ऐवजी जास्तच घट्ट बसत चाललेत... कुणीतरी रोज अंगठ्याने दाबावेत तसे.