मनगटावर तीन परिच्छेद

कान-नाक-घसा विभागाच्या बाकावर तो बसला, तो थेट तिच्या फाइलवर.

"अहो, तुम्ही माझ्या संशोधनावर बसलायत."

तो उठला, फाइल झटकली आणि अदबीने परत दिली. "काही निष्कर्ष निघाला का?"

कानात अखंड आवाज ऐकणाऱ्यांचे अनुभव गोष्टीरूपात लिहायचे, हे तिचं संशोधन. आकड्यांवरून किती दुखतंय ते कळतं, कसं दुखतंय ते नाही, असं तिचं म्हणणं. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि वर्षभर त्याच्या कानात शिट्टी वाजत होती. आंधळा मागतो एक डोळा...

चार दुपारी ती त्याच्या दुकानात वही घेऊन बसली.

"शिट्टी कशी? कुकरची?"

"कुकरची परवडली. निदान काहीतरी शिजतं."

"मग टिकटिक कशी ऐकता?"

"घड्याळ दातांत धरतो. हाडातून कळते. गिऱ्हाइकांना सांगू नका." त्याने एक घड्याळ पुसून पुढे केलं. "बघा धरून."

तिने धरलं. टिकटिक स्पष्ट होती... फक्त फार भरभर.

तिने गोष्ट लिहिली. अकरा जणांतली सर्वांत जिवंत. मार्गदर्शक मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.

"कानावर पाच ओळी. मनगटावर तीन परिच्छेद. हा अनुभव नक्की कोणाचा?"

"मॅडम, तो — संदर्भ आहे."

"संदर्भाच्या गालाला खळी पडते?" मॅडमनी कागद परत सरकवले. "गोष्ट ठेव नाहीतर माणूस. दोन्ही चालणार नाही."

लिहिलेलं सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं, हा कामाचा रिवाज. तिने दुकानात जाऊन त्याला वाचून दाखवलं, मनगटासकट. मग मॅडमचं म्हणणंही सांगून टाकलं.

"वर्षभर सगळ्यांना सांगतोय. कळलं ते तुम्हाला," तो म्हणाला. "मनगटाचं मात्र मला माहीत नव्हतं."

मग त्याने खणातून, संशोधनासाठी सही केलेल्या संमतिपत्राची प्रत काढली. "यात लिहिलंय, कारण न सांगता कधीही माघार घेता येते. घेतो."

"अहो, अशी गोष्ट मला पुन्हा मिळायची नाही!"

"शेजारच्या चष्मेवाल्याच्या कानात दोन शिट्ट्या आहेत. मनगटं सुमार. मॅडम खूश होतील."

ती हसली... आणि डोळे पुसले. लाडक्या गोष्टीवर तिने स्वतःच्या हाताने काट मारली.

"कारण सांगायचं बंधन नाही हं तुमच्यावर."

"पण मला सांगायचंय."

तिने सवयीने वही उघडली. त्याने ती हळूच मिटली.