खारक्याचा डावा कान

दोन हजार बावीस सालची ही गोष्ट. कोरोनानंतर काष्टीचा शनिवारचा बाजार नुकता कुठे पुन्हा पहिल्यासारखा भरायला लागला होता. जानेवारीतल्या एका शनिवारी त्या बाजारात निकिता साऱ्या जगावर चिडून मेथीच्या जुड्या उलटसुलट करत होती. चिडायचं कारण तिच्या पायाशीच बसलं होतं. खारक्या, तिचा कुत्रा. रंग खारकेचा, कान पानासारखे लांब, लोंबते. वर्षभरात चौथ्यांदा त्याचा डावा कान वाहत होता.

खारक्यानं मान जोरात झटकली. कानातलं जे उडालं, ते नेमकं शेजारी उभ्या असलेल्या एका उंच तरुणाच्या पांढऱ्या शर्टावर.

त्यानं शर्टाकडे बघितलंसुद्धा नाही. तो तिथेच उकिडवा बसला, खारक्याचा कान वर उचलला आणि — नाक लावून चक्क वास घेतला. मेथीवाली तोंडाला पदर लावून हसली.

"किती दिवस झाले?" त्यानं विचारलं.

"शर्टाचं काय म्हणायचं असंल तर म्हणा," निकिता म्हणाली. "कुत्र्याचं मी बघते."

"हो, तेच दिसतंय... नुसतं बघताय."

निकिताच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण त्याच्या हातात खारक्या निवांत मान टाकून बसला होता. एरवी कानाजवळ कुणी बोट नेलं तरी दात दाखवणारा कुत्रा.

तो गुरांचा डॉक्टर निघाला. पार्थ त्याचं नाव, कोपरगावचा. बाजारतळामागे त्यानं नुकताच दवाखाना टाकला होता. निकिता मनाविरुद्धच तिथे गेली. त्यानं कान धुतला, चौदा दिवसांचे थेंब दिले आणि बजावलं, की खाज थांबली तरी थेंब थांबवायचे नाहीत, आणि पंधराव्या दिवशी कान दाखवायला आणायचाच. ती म्हणाली, आधीच्या तीन डॉक्टरांनीही असंच सांगितलं होतं. तो म्हणाला, मग तुम्ही तिघांचंही ऐकलं नसेल.

आणि खरंच ऐकलं नव्हतं. याही वेळी सहाव्या दिवशी खाज थांबली, ऊसतोड आली, थेंबांची बाटली कोनाड्यात राहिली. आई नव्हती, वडील सहादेव गुडघ्यांनी अधू. सहा एकर एकट्या निकिताच्या अंगावर.

मार्चमध्ये कान पुन्हा वाहायला लागला. या वेळी रागवायची पाळी पार्थची होती, आणि त्यानं ती पुरेपूर साधली. निकितानं ओठ घट्ट मिटून ऐकून घेतलं. मग चौदाच्या चौदा दिवस थेंब घातले, पंधराव्या दिवशी कुत्रा नेऊन दाखवला. पार्थ हसला आणि म्हणाला, कान छान आहे. तिला उगाचच वाटलं, की बोलताना तो कानाकडे बघत नव्हता. त्या दिवशी घरी येताना मोटारसायकल तिनं जरा हळूच चालवली.

आणि मेमध्ये कान पुन्हा वाहायला लागला.

त्यातच, बांधावर झोपलेल्या खारक्याला मागून येणारा ट्रॅक्टर ऐकूच आला नाही. चाक हातभर लांबून गेलं म्हणून वाचला. निकिता तशीच दवाखान्यात शिरली.

"तुम्ही सांगितलं तसं केलं. एक थेंब चुकवला न्हाई. आता कोणाला बोलणार?"

पार्थ बराच वेळ कानात दिवा धरून बसला. आतली नळी सुजून निम्मी राहिली होती. अजून दोनदा असं झालं तर ती बुजेल, म्हणाला. मग पुण्याला नेऊन चिरफाड, आणि ऐकणं गेलं ते गेलंच. सांगताना त्याचा आवाज खरबरीत झाला होता. तो तिच्यावर चिडला नव्हता — स्वतःवर चिडला होता, हे तिला कळलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतावर हजर. खारक्या काय खातो, कुठे झोपतो, सगळं विचारलं. निकिताची आत्या मुक्ताबाई ओसरीवर लसूण सोलत बसली होती. तिला त्यानं सरळ विचारलं, कानात तेल घालता का?

"मी कशाला घालू?" आत्या म्हणाली. "आन् घातलं तरी लसणाचं तेल काय वाईट हाय व्हय?"

निकितानं कपाळावर हात मारला. पण तेल घातलं होतं ते दोनदाच, तेही मागच्या वर्षी. तेवढ्यानं हे होत नाही, पार्थ म्हणाला. तुम्ही आता घरच्या माणसांवर आळ घेताय, असं निकिता फटकन बोलली आणि खोरं खांद्यावर टाकून निघाली. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची फेरी, चालू होतं, शेतांकडे येणाऱ्या चारीला पाणी होतं, आणि त्या दिवशी पाणी घ्यायची तिची पाळी होती. पार्थ मागून आला. खारक्या दोघांच्याही पुढे.

बांधाखालून पाणी नेणाऱ्या मोरीच्या तोंडाशी उसाचं पाचट अडकलं होतं. निकितानं नुसतं बोट दाखवलं. खारक्यानं धाडकन उडी घेतली, डोकं पाण्याखाली घातलं आणि पाचटाचा भारा दातात धरून बाहेर आला. पुन्हा उडी, पुन्हा भारा. पाणी मोकळं झालं. निकिताचा चेहरा फुलला. असा कुत्रा अख्ख्या तालुक्यात नाही, म्हणाली. मीच शिकवलंय.

पार्थनं खारक्याचा ओला कान उचलून बघितला. मग त्यानं विचारलं, हे रोज चालतं?

"रोज कुठलं? आवर्तन आलं की. शेजारचेपण बोलावतात त्याला."

"आणि जानेवारीत आवर्तन कधी होतं? मार्चमध्ये?"

तिनं तारखा सांगितल्या. दुसरी सांगता सांगताच तिचा आवाज बारीक झाला. प्रत्येक वेळी पाणी सुटल्यावर आठ-दहा दिवसांनी कान वाहायला लागला होता. त्या लांब कानांखाली चारीचं गढूळ पाणी कोंडून राहत होतं... आणि तिनंच त्याला पाण्यात घातलं होतं. शाबासकी देऊन.

ती बांधावर मटकन बसली. डोळ्यांत पाणी आलं, तर त्याचाही तिला संताप.

पार्थनं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ चारीत उतरला. मोरीतलं उरलेलं पाचट हातानं उपसताना म्हणाला, "कान कोरडे ठेवायचे. भिजले तर लगेच कापसानं पुसायचे. एवढंच. आता बरा होईल तो." मग मागे न वळता — "बरा झाला की तुम्ही येणार नाही. त्याची मला भीती वाटते."

दुसऱ्या कुठल्या मुलीनं मान खाली घातली असती. निकिता ताडकन उठली.

"म्हणून बरा होऊ देत नव्हता?"

पार्थ वळला. चेहरा पांढराफटक.

"मला काहीही म्हणा," तो म्हणाला. "माझ्या औषधाला असं म्हणायचं नाही."

ओल्या पायांत चपला अडकवून तो निघून गेला. निकितानं हाक मारली नाही. ओठावर आली होती... पण मारली नाही.

मे गेला, जून गेला. कान वाळला. मोरीतलं पाचट निकिता स्वतः उपसू लागली. खारक्याला पाण्याच्या पाळीच्या दिवशी आत्या दावणीला बांधून ठेवी. पुढचं आवर्तन आलं, गेलं, आठ दिवस झाले, दहा झाले, पंधरा झाले. कान स्वच्छ. दवाखान्यात जायला आता काही निमित्तच उरलं नव्हतं. घरात कुणी बोललं की ती वसकन अंगावर जाई.

शेवटी सहादेवच म्हणाले, "पोरी, चूक झाली म्हनायला जीभ झडत न्हाई. मी तुझ्या आईला कधी म्हनलो न्हाई... ऱ्हाऊनच गेलं."

श्रावणातल्या एका शनिवारी, भुरभुर पावसात, ती खारक्याला घेऊन दवाखान्याच्या दारात उभी राहिली. पार्थनं कुत्रा टेबलावर घेतला. कान उचलला, दिवा लावला, वास घेतला. दुसरा कानही बघितला.

"काही झालेलं नाही याला," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"त्या दिवशी मी बोलले ते —" पुढचं तोंडातून निघेना. आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. "ते चुकलं माझं. तुमच्या औषधात खोट नव्हती. आणि बरा झाला तरी मी येणारच होते... तुम्ही वाट बघायच्या आधीच चिडून निघून गेलात."

"मी चिडलो?"

"मग काय मी?"

तो हसायला लागला. तिला हसू आवरेना, आणि हसू आलं म्हणून ती पुन्हा रागावली.

पुढच्या वैशाखात त्यांचं लग्न झालं. कोपरगावच्या मंडळींना मुलगी जरा तापट वाटली, ते चुकीचं नव्हतं. मुक्ताबाई दोन वर्षांनी गेली. लसणाच्या तेलानंच कुत्रा बरा झाला, असं शेवटपर्यंत सांगत होती. सहादेव जावयाच्या दवाखान्यात बाकड्यावर बसून लोकांना थेंब अर्धवट न सोडण्याबद्दल दम देतात. निकिता सहा एकर अजून स्वतः करते, आणि संध्याकाळी नवऱ्याशी कडाडून भांडते. खारक्या आता म्हातारा झाला आहे. डाव्या कानानं त्याला तेव्हापासून थोडं कमीच ऐकू येतं. भांडण सुरू झालं की तो उजवा कान खाली दाबून झोपतो.